गणंग

मटकी रात्री भिजत घालावी, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधावी आणि दुसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडावी. आत पांढऱ्या शेपट्यांची दाटी. आपल्या घरांत हे इतकं रोजचं आहे की त्याचं कुणाला नवल वाटत नाही. माझं लक्ष मात्र हल्ली त्या दाटीत बोटांना टोचणाऱ्या चार-दोन दाण्यांकडे जातं. ते भिजत नाहीत, फुगत नाहीत, मोड तर लांबच. उसळीत चुकून राहिले तर दाढ कळवळते. त्यांना गणंग म्हणतात. आमच्याकडे गणंग सापडला की आधी वाण्याचा उद्धार व्हायचा, मग दाणा खिडकीबाहेर जायचा.

पुष्कळ वर्षांनी कळलं की आम्ही जिवंत बी फेकत होतो, आणि तेही सगळ्यांत सावध असलेलं.

मटकी, मूग, वाल, कुळीथ ही शेंगवर्गातली पिकं. त्यांच्या दाण्याच्या सालीत लांबट पेशी कुंपणाच्या खांबांसारख्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, आणि त्यांत मेणासारखी, पाण्याला न जुमानणारी द्रव्यं भरलेली असतात. हे कुंपण कुठेही फटीशिवाय बंद झालं की पाणी आत शिरत नाही. वालाच्या दाण्यावर पांढरी रेघ दिसते ना, जिथे तो शेंगेला चिकटलेला असतो, तो बियाचा डोळा. काही शेंगवर्गीय बियांत हा डोळा एकाच बाजूने उघडणाऱ्या दारासारखा वागतो. हवा कोरडी असली की तो किंचित उघडतो आणि आतली ओल बाहेर जाऊ देतो. हवा दमट झाली की मिटतो. दाणा आणखी आणखी कोरडा होत जातो, पण बाहेरचं पाणी काही आत घेत नाही. मग उन्हाळ्यांची तापणूक, रात्रीचा गारवा, मातीची घासाघीस यांनी केव्हातरी सालीला बारीक चीर पडते आणि दाणा पाणी पितो. एकाचं हे पुढच्या पावसात होतं, दुसऱ्याचं तिसऱ्या वर्षी, आणखी कुणाचं त्याहून उशिरा.

रानातल्या वेलीला हे का परवडतं, ते मराठी शेतकऱ्याला सांगायला नको. मृगाचा पाऊस पडतो, सगळं रान उगवतं, आणि मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडं. कोवळी रोपं करपतात. माणसाच्या शेतात याला दुबार पेरणी म्हणतात, आणि त्या दोन शब्दांत कितीतरी घरांचं वर्ष बुडालेलं असतं. रानवेलीला दुकानात जाऊन दुसरी पिशवी आणता येत नाही. म्हणून ती सगळे दाणे एका पावसाच्या हवाली करत नाही. थोडे आत्ता, थोडे पुढे. गणंग म्हणजे तिची दुबार पेरणीची तजवीज.

माणूस शेती करायला लागला तेव्हा त्याला हे नको होतं. पेरलेलं सगळं एकदम उगवावं, एकदम पिकावं, एकदम काढता यावं. जे उगवलं त्याचंच बी पुढच्या वर्षी पेरलं गेलं, आणि मातीत अडून बसलेले आपोआप वगळले गेले. हजारो वर्षं हे चाललं आणि गणंगांची संख्या चिमूटभर उरली. पण पाऊस काही सुधारला नाही. दाण्याने सांभाळलेली जोखीम शेतकऱ्याच्या अंगावर आली. मग त्याने ती कशी पेलली? सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर त्याचं उत्तर दोन साध्या विशेषणांत दडलेलं आहे. हळवं आणि गरवं.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. भात हळवा असतो म्हणजे लवकर तयार होणारा, साधारण साडेतीन महिन्यांत. गरवा म्हणजे सावकाश, पाच महिन्यांच्या आसपास जाणारा. मधला तो निमगरवा. उतारावरच्या, पाणी न ठरणाऱ्या खाचरात हळवा लावायचा, कारण पाऊस सरला की ती जमीन लगेच सुकते. खाली, जिथे ओल उशिरापर्यंत टिकते तिथे गरवा. हळव्याच्याही वर, वरकस जमिनीवर, नागली आणि वरई. एकाच घराचं रान असं डोंगरावरून पायऱ्या उतरत येतं आणि प्रत्येक पायरीवर वेगळं बी असतं. पाऊस लवकर गेला तर खालचं वाचतं. उशिरा कोसळला आणि खालचं कुजलं, तर वरचं एव्हाना घरात आलेलं असतं. दोन्ही गेलं तरी नागली असतेच. तिचा दाणा इतका बारीक आणि घट्ट की कीड तिच्या वाटेला फारशी जात नाही, आणि ती वर्षानुवर्षं राहते.

यात भुकेचंही गणित आहे. कोरडवाहू डोंगरी गावात उपासमार होते ती उन्हाळ्यात, असं आपल्याला वाटतं. खरी ओढाताण श्रावण-भाद्रपदात असते. रान हिरवंगार, कामं अंगावर, आणि कणगीत मागच्या सालचं धान्य तळाला गेलेलं. अशा वेळी महिनाभर आधी पिकणारा हळवा भात म्हणजे महिनाभराची उधारी टळणं. नवान्नाचा एवढा सोहळा का, ते कणगीच्या तळाशी हात लावून पाहिलेल्यालाच उमगेल.

गरव्या भाताची करामत तर आणखी न्यारी. पारंपरिक गरवे वाण दिवस मोजत नाहीत, रात्र मोजतात. त्यांच्या पानांत प्रकाश ओळखणारं एक रंगद्रव्य असतं. रात्र अमुक एका लांबीची झाली, की पानाकडून शेंड्याला सांगावा जातो आणि भात निसवायला लागतो. त्यामुळे पाऊस रखडला आणि लावणी पंधरा दिवस उशिरा झाली, तरी लोंबी बाहेर येते जवळपास ठरल्या वेळेलाच. खाचरातलं ते गवत आकाशाचं पंचांग वाचत उभं असतं, आणि आपण बांधावरून म्हणतो की अडाणी गावरान वाण आहे.

आता थोडं उलट बाजूचंही बोललं पाहिजे, कारण गावरान म्हटलं की काहीजणांचा गळा दाटून येतो आणि हिशेब बाजूला राहतो. गावरान भात उंच वाढतो, वाऱ्या-पावसात आडवा पडतो, आणि उतारा बहुतेक वेळा कमीच देतो. १९६४ साली सीएसएच-१ ही ज्वारीची संकरित जात आली, पाठोपाठ बाजरीत, कापसात संकरित बियाणं आलं, आणि त्याने पोटं भरली हे नाकारण्यात अर्थ नाही. आपण शहरी लोक ‘हायब्रीड’ हा शब्द शिवीसारखा वापरतो आणि संध्याकाळी त्याचेच टोमॅटो आणतो.

संकरिताची खरी अडचण पिकात नसते, पुढच्या वर्षीच्या पेरणीत असते. दोन वेगळ्या, शुद्ध राखलेल्या वाणांचा संकर केला की पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी निघते. पण तिचंच बी राखून पेरलं तर दोन्ही घराण्यांचे गुण पत्ते पिसल्यासारखे विखुरतात. एक ताट उंच, दुसरं बुटकं, एक आधी पिकलेलं, एक हिरवंच. म्हणून दरवर्षी दुकान. भात किंवा घेवडा यांचं गावरान बी तसं नसतं. ही फुलं बहुतांशी उमलण्याआधीच किंवा उमलता उमलता स्वतःच्याच परागाने फळतात, म्हणून लेक आईच्या वळणावर जाते. बाजरीचं मात्र उलटं. तिचे पराग वाऱ्यावर उडतात, शेजारच्या शेतातून पाहुणे येतात, आणि वाण राखायचा तर दुसऱ्या बाजरीपासून भरपूर लांब पेरावी लागते. बियाणं जपणं हे नुसतं डब्यात भरून ठेवणं नाही. कोणतं पीक कुणाशी सोयरीक करतं, हे ठाऊक असावं लागतं.

ही जाण कागदावर नव्हती. ती होती बहुधा बायकांच्या हातात.

अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका हा विलक्षण मुलूख आहे. पश्चिमेला कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भंडारदरा. घाटघरला पाऊस इतका की त्याला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. पूर्वेला उतरावं तसा पाऊस झपाट्याने विरळ होत जातो आणि तालुक्याच्या त्या टोकाला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. एवढ्या छोट्या जागेत एवढे पाऊस, म्हणून वाणही तितकेच. या तालुक्यातलं कोंभाळणे हे राहीबाई सोमा पोपेरे यांचं गाव. महादेव कोळी समाजातल्या राहीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. २०१८ साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, आणि ‘बीजमाता’ हे नाव महाराष्ट्रभर झालं. घरातला नातू सारखा आजारी पडायचा, आणि फवारणीच्या भाज्या खाऊन असं होत असावं अशी शंका आल्याने आपण जुनं बी शोधायला लागलो, असं त्या सांगत आल्या आहेत. निमित्त घरगुतीच. पण हाताखाली जमा होत गेलं ते थक्क करणारं. नुसत्या वाला-घेवड्यातच कडू वाल, गोड वाल, बुटका वाल, कुणाच्या शेंगेची शीर हिरवी तर कुणाची काळसर, कुणी पांढरा फुलणारा, कुणी जांभळा. भातात काळभात, जिरवेल.

हे बी टिकायचं कसं? बी म्हणजे झोपलेला जीव, आणि झोपेतही तो श्वास घेतो. श्वास जितका मंद तितकं आयुष्य जास्त. नीट वाळलेल्या दाण्यात पेशींमधला रस घट्ट होत होत काचेसारखा होतो. आतलं सगळं जागच्या जागी थबकतं. बियाणेशास्त्रात एक ढोबळ ठोकताळा आहे: दाण्यातली ओल एक टक्क्याने कमी केली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. सगळ्या बियांना हे मानवत नाही. आंब्याची कोय आणि फणसाची आठळी सुकवली की मरते. म्हणून आठळ्यांची बँक कुणी काढलेली नाही. आठळ्या भाजूनच खाव्यात.

डोंगरातली घरं हा ठोकताळा न वाचता पाळत आली. मक्याची कणसं सोलपटासकट आढ्याला, चुलीच्या धुरात टांगलेली. कडधान्य राखेत घोळून शेणाने सारवलेल्या मडक्यात. राखेचं काम तर बघण्यासारखं आहे. वालाला लागणारा भुंगा बाहेरून घरात येतो असं आपल्याला वाटतं. तो शेतातच शेंगेवर अंडी घालून ठेवतो आणि त्याची पिल्लावळ दाण्याच्या पोटात बसून आपल्याच डोक्यावरून घरी येते. पुढे नवा भुंगा गोल भोक पाडून बाहेर पडतो आणि मडक्यातल्या शेजारच्या दाण्यांवर अंडी घालत सुटतो. दाण्यांमधल्या फटी राखेने भरल्या की त्याला फिरायला जागा राहत नाही. राखेचे बारीक कण त्याच्या अंगावरचं मेणचट आवरण खरवडतात, अंगातलं पाणी उडतं आणि तो वाळून मरतो. विष नाही, खर्च नाही. चूल मात्र हवी. घरोघर गॅस आला हे चांगलंच झालं, पण राख गेली.

इथे बायफचं नाव घ्यायला हवं. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचनला सुरू केलेली ही संस्था अकोल्याच्या आदिवासी भागात काम करत होती. तिच्या कार्यकर्त्यांनी राहीबाईंच्या आणि परिसरातल्या इतर घरांच्या मडक्यांकडे अडगळ म्हणून पाहिलं नाही. बियांची नोंद ठेवणं, प्रत्येक वाणावर नाव, उंची, फुलाचा रंग, पिकायला लागलेले दिवस लिहिणं, बियाणं नीट राखून पेढी चालवणं, परसबागेसाठी भाज्यांच्या बियांचे संच बांधणं, हे कसब त्या भागीदारीतून आलं. एका बाजूला डोळा होता, दुसऱ्या बाजूला वही. दोन्ही असल्याशिवाय बियाण्याची पेढी उभी राहत नाही.

डोळा म्हणजे काय, ते जवळून पाहू. घेवड्याचा मांडव भरात आहे. भाजीला रोज शेंगा निघतात. पण दोन-चार वेली अशा असतात की त्यांना हात लावायचा नाही, त्या बियाण्याला राखलेल्या. कोणत्या? ज्यांना मावा लागला नाही, ज्या पावसाच्या ताणात सुकल्या नाहीत, ज्यांची शेंग भरलेली आणि सारखी आहे. एकाच उत्तम वेलीवर भिस्त ठेवायची नाही, कारण सगळं बी एकीचंच झालं तर तिचे दोषही सगळीकडे जातात. शेंगा वेलीवरच खडखडीत वाळू द्यायच्या. मग सोलताना पुन्हा निवड: सुरकुतलेला, डागी, वेगळ्या रंगाचा दाणा बाजूला. भातात हेच काम खाचरात उभं राहून होतं, त्याला भेसळ काढणं म्हणतात. विद्यापीठातला पैदासकार याला निवड पद्धत म्हणेल आणि त्यावर प्रबंध लिहील. अंगणात सुपासमोर बसलेली बाई तेच करते, फक्त तिला कुणी पैदासकार म्हणत नाही.

उगवण तपासण्याचंही तसंच. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत मांडायचे, गुंडाळी करायची, ओली ठेवायची, पाच-सहा दिवसांनी उघडून मोजायचे. सत्तरांना मोड आले तर उगवण सत्तर टक्के. सोयाबीनसाठी कृषी खातं दर उन्हाळ्यात गावोगाव हेच करून दाखवतं, आणि एका गोणपाटाच्या तुकड्याने दुबार पेरणी टळू शकते. नवरात्रात घटाभोवती माती पसरून आपण धान्य पेरतो, तीही रब्बीच्या तोंडावर घेतलेली बियाण्याची परीक्षाच असावी, असं काही जाणते म्हणतात. मला ते पटतं. रोपं किती हिरवी, किती तरारली, हे घरातली म्हातारी ज्या बारकाईने बघायची, तीत भक्तीबरोबर थोडा हिशेबही असणार.

कोंभाळण्याच्या पेढीचा मला सगळ्यांत आवडणारा भाग म्हणजे तिचा व्याजदर. बी न्यायचं, पिकवायचं आणि दुप्पट परत करायचं. सावकाराच्या वहीत हा दर घातला तर गाव पेटून उठेल. इथे कुणाला तो जड जात नाही, कारण भाताच्या एका दाण्यातून फुटवे फुटून शेकड्यांनी दाणे येतात. कर्जदाराच्या घरात भरपूर उरतं, पेढी वाढते. आणि एक गोष्ट नकळत घडते. वाण एका घरात राहत नाही. वीस घरांत जातो, वीस तऱ्हेच्या मातीत पेरला जातो. एका घराचं छप्पर गळलं, एका मडक्यात भुंगा शिरला, एक मांडव जनावरांनी खाल्ला, तरी बी गावात असतं. शेतकऱ्याने आपलं बी राखावं, पेरावं, अदलाबदल करावी, विकावंही, ब्रँडचं नाव न लावता, असा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने दिलेला आहे. बियाण्याच्या दुकानात ही पाटी मी अजून पाहिलेली नाही.

जगाची सगळ्यांत मोठी पेढीही याच रीतीने चालते, हे कळलं तेव्हा मला हसू आलं. उत्तर ध्रुवाजवळ नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर डोंगराच्या पोटात २००८ पासून देशोदेशीच्या बिया उणे १८ अंशांत ठेवल्या जातात. सीरियात अलेप्पोजवळ इकार्डा या संस्थेकडे गहू, बार्ली, मसूर यांच्या वाणांचा मोठा साठा होता. तिने आपल्या बियांची दुसरी प्रत स्वालबार्डला पाठवून ठेवली होती. युद्ध पेटलं, अलेप्पोचं केंद्र हाताबाहेर गेलं. २०१५ साली संस्थेने ध्रुवावरून बी परत मागवलं, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरलं, वाढवलं, आणि २०१७ मध्ये पुन्हा नेऊन ठेवलं. न्यायचं, पिकवायचं, परत करायचं. फक्त पेटी मोठी आणि गारठा जास्त.

आणि त्याही आधी, दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या वेढ्यात, वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह यांनी उभारलेल्या बीजसंग्रहात, भाताचे तज्ज्ञ दमित्री इव्हानोव्ह उपासमारीने गेले. भोवती भाताच्या वाणांची हजारो पाकिटं होती. त्यांनी त्यांतला दाणा खाल्ला नाही. यावर मी काही लिहू शकत नाही.

थंड कोठारात एका गोष्टीची उणीव राहतेच. उणे १८ अंशांत बी टिकतं, पण शिकत नाही. बाहेर पाऊस बदलतो, कीड बदलते, आणि पेटीतला दाणा २००८ सालातच असतो. कोंभाळण्याच्या मांडवावरची वेल दरवर्षी त्या त्या वर्षाचा पाऊस सोसते, आणि तगलेलीचंच बी पुढे जातं. दोन्ही लागतात. महाराष्ट्राने २०२२ साली जनुक कोश प्रकल्पाला मंजुरी दिली, त्यात गावातलं जतन आणि प्रयोगशाळेतलं जतन दोन्ही धरलेलं आहे. अंमलात कोणतं पारडं जड होतं ते बघायचं. यंत्रं विकत घेणं सरकारला सोपं जातं. सुपासमोर बसलेल्या बाईला मोबदला देण्याचा रकाना मात्र अजून सरकारी अर्जात बसत नाही.

गेल्या महिन्यात मटकीतून पाच गणंग निघाले. फेकले नाहीत. प्रत्येकाला पॉलिश कागदावर चार-पाच वेळा घासलं, डोळ्याची बाजू सोडून, आणि रात्री वाटीत भिजत टाकलं. सकाळी तीन फुगले होते. ते बाल्कनीतल्या कुंडीत खोचले. चौथ्या दिवशी एकाने मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन मान वर काढली, पाचव्या दिवशी दुसऱ्याने. तिसऱ्याचा पत्ता नव्हता. उरलेले दोन अजून वाटीत आहेत, टणक, चकचकीत. त्यांना पुन्हा घासायला कागद उचलला होता. मग ते तसेच कुंडीत टाकले आणि वरून माती सारली.